पाठ आधी

सूरच्या बाजारात, मासळीच्या धक्क्याकडं उतरणाऱ्या गल्लीत
माझ्या दुकानात चामोटी टांगलीय, खुर्चीच्या हाताला.
नुसती टांगलीय.
बलदियाचा माणूस महिन्याला येतो, खण उघडतो,
ब्लेडची पाकिटं मोजतो.
एक गिऱ्हाईक, एक ब्लेड, मग कचऱ्यात.
चामोटीकडं बोट करून विचारतो, हे काय?
मी म्हणतो, कमरेचा पट्टा.
तो हसतो. मीही हसतो. पावती फाटत नाही.

वस्तरा वरच्या खोलीत असतो,
धोकटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून.
इथली हवा खारी. दोन दिवस विसरलं
की पोलादावर खसखशीएवढे डाग.
म्हणून रात्री शिबू घोरायला लागला की
खिडकीच्या गजाला चामोटी अडकवतो
आणि परजतो.
कुणाची दाढी करायची नसते.

पाठ आधी जाते, धार मागून.
टोकाला पोचलं की पाठीवरच कूस बदलायची.
धारेवर वळलास तर चामडं चिरेल,
आणि चामडं चिरलंस तर
माझ्याकडं शिकलो म्हणून सांगू नकोस,
असं सोपानतात्या म्हणायचा.
दाबायचं नाही. वस्तऱ्याचं वजन वस्तऱ्याला पुरतं.
मोजायचंही नाही, ऐकायचं:
आधी खर्र, मग सर्र,
मग काहीच ऐकू येईना, तिथं थांबायचं.

खमीस बिन जुमा दुपारच्या नमाजानंतर येतो.
खमीस म्हणजे गुरुवार, जुमा म्हणजे शुक्रवार.
शुक्रवाराच्या पोटी गुरुवार, पंचांगच उलटं.
आमच्या गावात गुरुवारी कुणी गालाला वस्तरा लावून घेत नाही,
इथं गुरुवारच काठी टेकत चालत येतो
आणि म्हणतो, बोबत, गालाची कड नीट काढ.
माझं नाव पोपट. त्यांच्या भाषेत प नाही.
आईनं हाक मारावी तशी हाक नाही ही,
पण सोळा वर्षं झाली, ओ देतो.

चाळीस वर्षं त्यानं गलबतांच्या फटींत कापूस ठोकला,
वरून मुशीच्या काळजाचं तेल.
एके दिवशी खुर्चीत बसल्याबसल्या
त्यानं चामोटी चिमटीत धरली,
दुकानात लुगड्याचा पोत बघतात तशी,
नाकाला लावली, म्हणाला, ही तहानलीय.
दुसऱ्या दिवशी विम्टोच्या बाटलीत तेल घेऊन हजर.
अंगठ्यानं जिरवत बसला, फळीला जिरवतात तसं, रेषेरेषेनं.
दोन गिऱ्हाइकं नाक धरून उठून गेली,
त्यातल्या एकाच्या अर्ध्या गालाला साबण होता.

आता वस्तरा आण, म्हणाला.
मी म्हणालो, दंड पडेल, बाबा.
तो म्हणाला, माझ्या अंगणात बलदिया येत नाही.

शुक्रवारी पूल ओलांडून ऐजाला गेलो.
खाडीला ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडलेल्या.
अंगणात चामोटी बांधायला खुंटी सापडेना.
दे इकडं, म्हणाला, दुसरं टोक मी धरतो.
चहाचा पेला सांडणारे त्याचे हात,
पण ताण आला तसे थांबले.
दोर धरायची सवय असेल.

मी परजू लागलो. पाठ आधी, धार मागून.
त्यानं डोळे मिटलेले.
तेल प्यालेलं चामडं वेगळं बोलतं,
खर्र आलंच नाही, थेट सर्र,
पोलाद जणू ओल्या पुळणीवरून चाललंय,
आणि मग
बस, तो म्हणाला.
मी हात उचलायच्या आधी, क्षणभर आधी.
बस हा शब्द दोघांचाही.
कुणाकडं शिकलास, असं मी विचारलं नाही.

कड काढताना तो झोपला.
मानेजवळची शीर वस्तऱ्याखाली सावकाश उडत होती.
मी श्वाससुद्धा बेतानं घेतला.
उठल्यावर गालावरून हात फिरवला त्यानं,
उलटा फिरवला, पुन्हा उलटा,
आणि पैसे द्यायचे विसरला.

परत येताना पुलावर
दोन मांजरं मागं लागली,
चामोटीच्या वासानं,
पार दुकानाच्या शटरपर्यंत.